हौशी वेटलिफ्टिंग (महाराष्ट्र)

हौशी वेटलिफ्टिंग किंवा भारोत्तोलन म्हणजे पैशाचा मोबदला न घेता, ठरलेल्या नियमांनुसार, चकत्या लावलेली लोखंडी दांडी डोक्यावर उचलण्याचा क्रीडाप्रकार होय. महाराष्ट्रात तो स्वतंत्र क्लबांपेक्षा तालमी व व्यायामशाळा यांच्या आश्रयाने वाढला. त्यामुळे जुन्या भारोत्तोलकांच्या आठवणी बहुधा कुस्तीच्या आठवणींत मिसळलेल्या आढळतात. शिवाय त्या मण, रत्तल आणि किलो अशा तीन मापांत सांगितल्या जातात. त्यांचा अर्थ लावण्यासाठी खेळाचे बदलते नियम माहीत असणे आवश्यक ठरते.

तालमीतील वजने

तालीम ही मुळात मल्लांची जागा. लाल मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती, मलखांब, मुद्गलांच्या जोड्या आणि करेले ही तिची परिचित सामग्री. यांखेरीज अनेक ठिकाणी उचलण्यासाठी गोल दगडी गोटे आणि पकडायला मूठ कोरलेले दगडी नाल ठेवलेले असत. त्यांचा उपयोग पंजा, मनगट आणि पाठ बळकट करण्यासाठी होई. जोर-बैठकांची मोजदाद काटेकोरपणे ठेवली जाई. दगडाचे वजन मात्र नजरेने ठरे. कोणी किती उचलले यापेक्षा कोणता दगड उचलला हे महत्त्वाचे असे. गावच्या लेखी तो दगड हेच माप होते.

अशा उचलीचे आजही पाहता येणारे उदाहरण म्हणजे जेजुरीचा खंडा. पेशवाईत पानसे सरदारांनी खंडोबाला अर्पण केलेली ही तलवार सुमारे ४२ किलो वजनाची असून दसऱ्याच्या उत्सवात ती उचलण्याची स्पर्धा होते. एका हाताने खंडा जास्तीत जास्त वेळ आडवा धरून ठेवणे ही तिची मुख्य कसोटी. काही जण तो दातांनीही उचलतात. ऑलिंपिक प्रकारात वजन डोक्यावर नेऊन क्षणभर स्थिर करावे लागते, तर येथे शक्तीपेक्षा दम अधिक लागतो.

लोखंडी दांडीचे आगमन

युजेन सँडो या युरोपीय शक्तिवीराने १९०४-०५ मध्ये भारताचा दौरा केला. त्याच्या नावाची छाप ‘सँडो बनियन’ या शब्दात अजून टिकून आहे. त्याच सुमारास प्राध्यापक राममूर्ती नायडू हे साखळदंड तोडण्याचे आणि छातीवर हत्ती उभा करण्याचे प्रयोग करून गाजले. हे सारे तिकीट लावून होणारे प्रयोग होते. त्यांत नियम नव्हते आणि पंचही नव्हते. हौशी वेटलिफ्टिंगने स्वतःला वेगळे ठरवले ते नेमके याच मुद्द्यावर.

दुसरीकडे संघटित व्यायामसंस्था उभ्या राहत होत्या. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये आणि दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये स्थापन झाले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. देशी व्यायामाची साधने आणि पद्धती यांचा इतका तपशीलवार संग्रह मराठीत दुसरा नाही. भारतीय वेटलिफ्टिंग महासंघाची स्थापना १९३५ ची. पुढच्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारताच्या वतीने वजन उचलणारे झॉ वेक हे ब्रह्मदेशाचे होते, कारण तो प्रांत तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत असे.

कुस्तीच्या छायेत

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आणि लगतच्या भागात यात्रेतील कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. लहान मुलांच्या रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत हगामा रंगत जातो. पहिलवानाचे नाव पंचक्रोशीत होते ते इथेच. वजन उचलणाऱ्याला असा फड मिळाला नाही. स्पर्धेसाठी मोजलेल्या चकत्या, तीन पंच आणि शरीरवजनाचा काटा लागतो. ही सामग्री यात्रेच्या मैदानात आणणे अवघड होते.

फरक पुढेही राहिला. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू झाला. दिनकर दह्यारी हे त्याचे पहिले मानकरी. २०२५ मध्ये ही स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर झाली, तेव्हा ती पाहायला लोटलेली गर्दी राज्याने पाहिली. भारोत्तोलकांसाठी गदेसारखे सर्वतोमुखी झालेले चिन्ह नाही. प्रमाणपत्र, पदक आणि व्यायामशाळेच्या भिंतीवरील छायाचित्र एवढेच त्यांच्या कर्तृत्वाचे साक्षीदार असतात.

हौशीपणाचा नियमही येथे लक्षात घेतला पाहिजे. इनाम स्वीकारणारा खेळाडू व्यावसायिक ठरण्याचा संभव असे. म्हणून सेनादल, रेल्वे व पोलीस यांतील नोकरी हा अनेकांचा आधार होता: पगार नोकरीचा आणि सराव संध्याकाळचा.

जुन्या आकड्यांचे वाचन

जुन्या पराक्रमांविषयी सर्वाधिक गोंधळ मापांमुळे होतो. ‘अमक्याने चार मणांचा दगड उचलला’ असे सांगितले जाते, पण मण कोणता? मुंबईचा मण २८ रत्तलांचा, तर बंगाली मण सुमारे ८२ रत्तलांचा होता. पहिल्या मापाने चार मण म्हणजे जेमतेम ५१ किलो, दुसऱ्याने सुमारे १४९ किलो! दख्खनेत तर वस्तूनुसारही मण बदलत असे. दशमान वजने भारतात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने वापरात आली.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. १९२८ पासून १९७२ पर्यंत ऑलिंपिकमध्ये प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क अशा तीन उचली होत्या. प्रेसमध्ये वजन खांद्यापर्यंत आणून पायांचा झटका न देता केवळ हातांनी वर ढकलायचे असे. स्पर्धक कंबरेतून मागे झुकू लागले आणि झुकणे किती चालेल यावर पंचांचे एकमत होईना, त्यामुळे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस वगळण्यात आली. तेव्हापासून एकूण वजन दोनच उचलींचे धरतात.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. १९५५ च्या प्रमाणपत्रावर ‘एकूण ६०० रत्तल’ असा आकडा आहे आणि त्यात प्रेस १८०, स्नॅच १८० व जर्क २४० रत्तल आहे असे समजू. किलोत हे २७२ होतात. सांगलीच्या संकेत सरगर यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्यांचे एकूण वजन २४८ किलो (११३ व १३५) होते. वरवर जुना आकडा मोठा दिसतो. प्रेस वजा केल्यास मात्र तो १९०.५ किलोच उरतो.

तरीही यावरून जुने भारोत्तोलक कमी दर्जाचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दांडीचा मांडीला स्पर्श झाला तर उचल बाद, हा नियम १९६० च्या दशकात सैल झाला. तोपर्यंत अनेक जण पूर्ण बसण्याऐवजी एक पाय पुढे व एक मागे टाकून वजनाखाली शिरत, आणि या पद्धतीत दांडी अधिक उंच ओढावी लागते. रबरी चकत्या नसल्याने उचललेले वजन सोडून देता येत नसे. ते हातांनी सावरत खाली आणावे लागे.

अलीकडची केंद्रे

लहान गावातील व्यायामशाळेतून आंतरराष्ट्रीय खेळाडू घडण्याचे ठळक उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे आहे. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी (५६ किलो), ओंकार ओतारी (६९ किलो) आणि चंद्रकांत माळी (९४ किलो) या तिघांनी कांस्यपदके मिळवली, तिघेही कुरुंदवाडचेच. महिलांची जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये सुरू झाली आणि ऑलिंपिकमध्ये महिलांना २००० साली प्रवेश मिळाला. नाशिक जिल्ह्यातील मनमाडच्या आकांक्षा व्यवहारे यांनी २०२२ च्या जागतिक युवा स्पर्धेत ४० किलो गटात रौप्यपदक पटकावले.

शरीरवजनाचे गट मात्र स्थिर राहिलेले नाहीत. ५६ व ६९ किलोचे गट २०१८ मध्ये बदलले. सरगर यांनी पदक मिळवले तो पुरुषांचा ५५ किलो गटही आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२५ मध्ये बंद केला असून आता सर्वांत हलका गट ६० किलोचा आहे.