पोस्तोयना गुहा

यूरोपातील स्लोव्हेनिया देशाच्या नैर्ऋत्य भागातील चुनखडकी गुहासंहती. राजधानी ल्यूब्लियानाच्या नैर्ऋत्येस सु. ५० किमी.वर, त्रिएस्तकडे जाणाऱ्या मार्गावरील पोस्तोयना या गावाजवळ ती आहे. ज्ञात भुयारांची एकूण लांबी सु. २४ किमी. असून त्यांपैकी सु. ५ किमी. भाग प्रवाशांना पाहता येतो. १८१९ पासून ही गुहा प्रेक्षकांसाठी रीतसर खुली आहे व तेव्हापासून साडेतीन कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली आहे. गुहा लोकांना दाखविणे आणि ती जतन करणे या दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधाव्यात, या प्रश्नाचा येथे दोन शतकांचा अनुभव साठलेला आहे. गुहेच्या सौंदर्याइतकेच या अनुभवालाही महत्त्व आहे.

निर्मिती : अजिंठा, वेरूळ येथील लेणी माणसाने बेसाल्ट खडकात खोदलेली आहेत, पोस्तोयना येथील दालने मात्र पाण्याने खडक विरघळवून व झिजवून तयार केली आहेत. पावसाच्या पाण्यात हवेतील व मुख्यतः मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून सौम्य अम्ल तयार होते. ते चुनखडकाच्या भेगांत शिरून खडकातील कॅल्शियम कार्बोनेट बायकार्बोनेटाच्या रूपाने वाहून नेते व भेगा रुंदावत जाऊन भुयारे बनतात. पुढे असे पाणी छतातून ठिबकू लागले म्हणजे त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड गुहेच्या हवेत निसटतो आणि चुन्याचा सूक्ष्म थर मागे राहतो. छताला लोंबणारे अधोमुखी व तळातून वर वाढणारे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ अशा थरांनीच बनतात. त्यांची वाढ सर्वसाधारणपणे १० वर्षांत सु. १ मिमी. एवढी मंद असते. हातभर लांबीचा स्तंभ बनण्यास हजारो वर्षे लागतात. तो मोडण्यास क्षणही पुरतो.

अशा भूप्रदेशास ‘कार्स्ट’ ही संज्ञा याच भागातील क्रास पठारावरून मिळाली. सर्बियन भूगोलज्ञ योव्हान त्स्वीइच यांनी १८९३ मध्ये कार्स्ट भूमिरूपांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. पोस्तोयना येथे कार्स्ट संशोधन संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली.

गुहेची निर्मिती करणारी पिव्का नदी आजही तिच्या मुखाशी जमिनीत शिरते. भुयारांतून वाहत ती प्लानिना येथील गुहेत राक नदीस मिळते आणि उनित्सा या नावाने बाहेर पडते. उनित्सा पुन्हा भूमिगत होते व तिचे पाणी व्ऱ्हनिका गावाजवळ ल्यूब्लियानित्सा नदीच्या झऱ्यांतून वर येते. अखेर साव्हा व डॅन्यूब या नद्यांमार्फत ते काळ्या समुद्रास मिळते.

इतिहास : गुहेचा दर्शनी भाग मध्ययुगापासून लोकांना माहीत होता. तेथील भिंतींवर जुन्या प्रवाशांच्या स्वाक्षऱ्या असून त्यांतील सर्वांत जुनी १२१३ ची मानतात. यानेझ व्हायकार्ड व्हाल्व्हासोर यांनी १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या गुहेचे वर्णन केले. ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्सिस याच्या भेटीची तयारी चालू असता एप्रिल १८१८ मध्ये लूका चेच या स्थानिक रहिवाशाला आतील विस्तीर्ण दालनांकडे जाणारी वाट सापडली. पुढील वर्षी गुहा प्रवाशांना खुली झाली. १८७२ मध्ये आत लोहमार्ग घालण्यात आला. आरंभी त्यावरील गाड्या वाटाडेच ढकलीत. १८८४ मध्ये विजेचे दिवे आले. विसाव्या शतकात तेलावर चालणारे एंजिन व दुसऱ्या महायुद्धानंतर विजेवर चालणारे एंजिन वापरात आले.

दोन्ही महायुद्धांच्या खुणा येथे आहेत. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून आतील एका दरीवर पूल बांधून घेण्यात आला. तो ‘रशियन पूल’ म्हणूनच ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने गुहेच्या तोंडाजवळ विमानांच्या इंधनाची पिंपे साठविली होती. एप्रिल १९४४ मध्ये स्लोव्हेनियन प्रतिकारसैनिकांनी तो साठा पेटवून दिला. कित्येक दिवस चाललेल्या या आगीच्या काजळीने प्रवेशाजवळच्या भिंती काळवंडल्या आहेत.

गुहादर्शन : गुहा वाटाड्यासमवेत पाहतात, त्यास सु. दीड तास लागतो. तापमान वर्षभर सु. १०° से. असल्याने उन्हाळ्यातही उबदार कपडे लागतात. प्रवासी छोट्या गाडीने सु. २ किमी. आत जातात व ‘मोठा डोंगर’ नावाच्या सु. ४५ मी. उंचीच्या, छत कोसळून बनलेल्या राशीपाशी उतरतात. तेथून सु. दीड किमी. पायी चालावे लागते. रशियन पुलापलीकडील दालनांपैकी एकाच्या छतास शेवयांसारख्या बारीक नळ्या लोंबतात. ‘ब्रिलियंट’ हा सु. ५ मी. उंचीचा शुभ्र ऊर्ध्वमुखी स्तंभ गुहेचे मानचिन्ह बनला आहे. शेवटच्या भव्य दालनात संगीताचे कार्यक्रम होतात, त्यात सु. १०,००० लोक मावू शकतात.

जीवसृष्टी : १८३१ मध्ये लूका चेच यांना येथे बारीक मानेचा, दृष्टिहीन भुंगेरा सापडला. पुढील वर्षी फेर्डिनांट श्मिट यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले व गुहाजीवशास्त्रास आरंभ झाला. येथील सर्वांत प्रसिद्ध प्राणी प्रोटियस हा होय. हा उभयचर २० ते ३० सेंमी. लांब, फिकट गुलाबी व अंध असून बाह्य कल्ल्यांनी श्वसन करतो. पुरानंतर झऱ्यांतून बाहेर फेकला गेलेला हा जीव म्हणजे ड्रॅगनचे पिलू होय, अशी पूर्वी लोकांची समजूत होती. २०१६ मध्ये गुहेतील काचटाकीत एका मादीच्या अंड्यांतून वीसहून अधिक पिले बाहेर आली. त्या काळात टाकीवर उजेड पडू दिला नाही. अवरक्त कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये पडद्यावर पाहूनच प्रेक्षकांना समाधान मानावे लागले.

संरक्षण : प्रेक्षकांमुळे गुहेची हानी अनेक प्रकारे होते. मशालींची काजळी आणि स्तंभ मोडून नेण्याची हौस हे जुन्या काळातील दोष होत. विजेमुळे काजळी थांबली. परंतु दिव्यांभोवती शैवले व हरिता वाढू लागल्या. माणसांच्या श्वासाने हवेतील उष्णता, बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड वाढतात. हा वायू वाढला की थर साचण्याची क्रिया मंदावते आणि क्वचित तयार झालेले थरही झिजू लागतात. कपड्यांतील तंतू व धूळ स्तंभांवर साचतात, तर हाताचा तेलकटपणा त्यांच्या वाढीस बाध आणतो. फ्रान्समधील चित्रांकित लास्को गुहा १९४८ मध्ये खुली झाल्यावर अशाच कारणांनी १९६३ मध्ये बंद करावी लागली. पोस्तोयनाची दालने प्रचंड व हवेशीर असल्यामुळे तेथे तशी वेळ आली नाही. दिवे फक्त गरजेपुरते लावणे, स्तंभांना स्पर्श करू न देणे, हवेची नियमित मोजणी करणे आणि बहुतेक भुयारे प्रवाशांना बंद ठेवणे, हे तेथील मुख्य उपाय होत.

तथापि गुहेचे रक्षण केवळ तिच्या दाराशी होत नाही. चुनखडकाच्या भेगांतून पाणी झपाट्याने खाली जाते व मातीत गाळले जात नाही. त्यामुळे पिव्काच्या खोऱ्यातील शेतीची खते व वस्त्यांचे सांडपाणी थेट प्रोटियसच्या पाण्यात मिसळू शकते. म्हणून पोस्तोयना गुहेचे भवितव्य प्रवाशांच्या शिस्तीइतकेच तिच्या माथ्यावरील शेते व गावे आपले पाणी कसे सांभाळतात यावरही अवलंबून आहे.