उसन्या मोठेपणाचे गणित

उन्हाळा तोंडावर आला की घरातला पंखा नेमका संपावर जातो. बटण दाबले तरी नुसता गुणगुणतो, हाताने ढकलला तर कसाबसा फिरतो. मग वायरमन येतो, पंख्याच्या दांडीवरची वाटी खाली ओढतो, आतला काडेपेटीएवढा ठोकळा बदलतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला होता." त्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत '२.५ मायक्रोफॅरड' असे छापलेले असते. ते कुणी वाचत नाही. पंखा फिरला, विषय संपला.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. भोर माझे आजोळ आणि वेल्ह्याच्या डोंगरात सारे सोयरे. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे.) वर्गात हा कंडेन्सर मी अनेक वर्षे शिकवला. आज तो वर्गाबाहेर काढून आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. कारण त्याच्या आकाराचे एक कोडे आहे. ते सोडवायला माणसांनी जी युक्ती काढली, ती डोंगरातल्या एखाद्या माणसाच्या छातीत कळ येते तेव्हा थेट उपयोगी पडते.

कंडेन्सर म्हणजे विजेचे भांडे. युरोपात १७४५-४६ च्या सुमारास काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग झाले, ती पहिली भांडी. भांडे दोन कामे करते. एक म्हणजे साठवणे. दुसरे तितके लक्षात येत नाही, ते म्हणजे संथ करणे. तांब्यात नळ सोडला तर पाण्याची पातळी भराभर चढते. तोच नळ विहिरीत सोडला तर पातळी हलल्याचेही कळत नाही. भांडे जितके रुंद, तितका बदल संथ. विजेच्या भांड्याच्या या रुंदीला कपॅसिटन्स म्हणतात आणि मायकेल फॅरडेच्या नावावरून ती फॅरडमध्ये मोजतात.

हृदयाची रेघ

आता छातीच्या कळेकडे वळू. विलेम आइन्टहोव्हेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची वीज कागदावर उतरवली. त्याचे यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. १९२४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच काम तळहाताएवढे यंत्र करते. पण हृदयाची वीज तेवढीच राहिली आहे. त्वचेवर ती एक मिलिव्होल्टच्या आसपास मिळते, म्हणजे विजेरीच्या एका सेलच्या दीड हजाराव्या हिश्शाएवढी.

एवढ्या बारीक रेघेला मोठा उपद्रव असतो तो डुलण्याचा. रोग्याने श्वास घेतला, कूस बदलली, त्वचेला घाम आला की सगळी रेघ कागदावर वरखाली सरकते. हे संथ डुलणे गाळून टाकायचे, पण हृदयाची स्वतःची संथ वळणे मात्र राखायची, हे गाळणीचे काम. हृदयाच्या ठोक्याच्या मोठ्या शिखरानंतर एक सपाट तुकडा येतो, त्याला डॉक्टर एसटी सेगमेंट म्हणतात. तो वर उचलला गेला आहे की खाली दबला आहे, यावरून झटक्याची शंका घेतली जाते. गाळणी जरा जास्त कडक झाली तर हा तुकडा उगाचच वाकडा दिसतो. म्हणून निदानाच्या यंत्रात गाळणीची सीमा सेकंदाला ०.०५ आवर्तने इतकी खाली ठेवतात. म्हणजे वीस सेकंदांत एक हेलकावा, इतका संथ बदलसुद्धा बऱ्याच अंशी आत येऊ द्यायचा.

इतक्या संथपणाला भांडे किती मोठे लागेल? बरोबर दहा लाख ओहमचा रेझिस्टर घेतला तर हिशेब ३.२ मायक्रोफॅरड येतो. आपल्या पंख्याच्या कंडेन्सरपेक्षा मोठे! सुटा कंडेन्सर घ्यायचा तर कमी व्होल्टचा, लहान आकाराचा बाजारात मिळतो. पण छातीला चिकटवायच्या पट्टीत किंवा शरीरात बसवायच्या पेसमेकरमध्ये जितके सुटे भाग, तितके जागेचे आणि डाखाचे लचांड. सगळे एकाच सिलिकॉन चिपमध्ये मावले तर बरे. आणि चिपच्या आत कंडेन्सर फार जागा खातो. सर्वसाधारण मापाने ३.२ मायक्रोफॅरडला सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर लागतील. दोन काडेपेट्या शेजारी शेजारी ठेवा, तेवढी जागा. अख्खी चिप मात्र ज्वारीच्या दाण्याएवढी.

खडकवासल्याचा हिशेब

कोडे हे असे आहे. त्याची सोडवणूक पुणेकर रोज पितात, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल. पण आकडे पाहा. पुण्याचे पाणी येते खडकवासल्यातून. त्या धरणाची साठवण अवघी १.९७ टीएमसी, म्हणजे दोन अब्ज घनफुटांनाही जरा कमी. एवढ्याशा तळ्यावर एवढे शहर वर्षभर कसे तगते? कारण त्याच्या मागे वेल्ह्याच्या डोंगरात पानशेत (१०.६५ टीएमसी) आणि वरसगाव (१२.८२ टीएमसी) उभी आहेत आणि मुळशीकडचे टेमघर (३.७१ टीएमसी) आहे. खडकवासल्याची पातळी उतरू लागली की मागून पाणी सोडतात. नळ उघडणाऱ्याला पानशेत दिसत नाही. त्याच्या लेखी खडकवासलाच एकोणतीस टीएमसीचा. म्हणजे जवळजवळ पंधरापट!

कपॅसिटन्स मल्टिप्लायर नावाचे सर्किट हेच करते. भांडे छोटेच ठेवायचे. त्यात किती विद्युतप्रवाह जातो-येतो यावर नजर ठेवायची आणि त्याच्या ९९ पट प्रवाह शेजारून आपण स्वतः घ्यायचा किंवा द्यायचा. समोरच्याला वाटते, भांडे शंभरपट रुंद आहे. पातळी छोट्या भांड्याची, ताकद मागच्याची.

निसर्गाने ही युक्ती आधी अडचण म्हणून दाखवली होती. जॉन मिल्टन मिलर या अमेरिकन अभियंत्याने १९२० मध्ये दाखवून दिले, की रेडिओच्या व्हॉल्वमधली चिमुकली कपॅसिटन्स व्हॉल्वच्या वर्धनामुळे कितीतरी पट फुगल्यासारखी वागते. रेडिओवाल्यांना ते नको होते. पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर लोकांनी त्याच फुगण्याला कामाला लावले. ध्वनिक्षेपकातून 'हूं' असा घुमणारा आवाज येतो ना, तो घालवायला ट्रान्झिस्टरच्या बेसवर छोटा कंडेन्सर लावतात आणि तो शंभरपट मोठ्या कंडेन्सरसारखा वागतो. हौशी मंडळींना हे सर्किट चांगले ठाऊक आहे.

चिपमध्ये रेझिस्टर शंभर कोटी ओहमच्या घरात नेला आणि कंडेन्सर शंभरपट भासवला, तर खरा कंडेन्सर ३२ पिकोफॅरडचा पुरतो. त्याला लागणारी जागा मोहरीच्या दाण्यावरच्या ठिपक्याएवढी. दोन काडेपेट्यांच्या जागी ठिपका!

पट बदलणारा पहारेकरी

वर्षांमागे एका डॉक्टर मित्राबरोबर पानशेतच्या फुगवट्याकाठच्या एका गावात आरोग्य शिबिराला गेलो होतो. शाळेच्या बाकावर एक आजी आडव्या झाल्या, तारा जोडल्या, आणि रेघ सुरू झाली. तेवढ्यात आजींनी डोक्याखालचा पदर सारखा केला. रेघ कागदाबाहेर! डॉक्टर म्हणाले, "आजी, हलू नका, जरा वेळ पडून राहा." आजी म्हणाल्या, "आता किती येळ पडू बाबा? चुलीवर दूध हाय." रेघ डुलत डुलत मधोमध यायला पंधरा-सोळा सेकंद गेले. मग आजींना खोकला आला आणि पुन्हा तेच.

यात यंत्राचा दोष नव्हता. भांडे रुंद असले की बदल संथ होतो, पण बिघडलेली पातळी ठिकाणावर यायलाही वेळ लागतो. ०.०५ च्या सीमेवर हा वेळ सोळा सेकंदांच्या आसपास. सीमा दहापट वर, ०.५ वर नेली तर दीड सेकंदाच्या जरा पुढे. पण तिथे एसटीचा तुकडा फसवतो. म्हणजे भांडे हवे तेव्हा क्षणभर अरुंद आणि वाचायच्या वेळी पुन्हा रुंद व्हायला हवे. खराखुरा कंडेन्सर असा आकार बदलत नाही. उसना मोठेपणा मात्र बदलता येतो, कारण तो पटीचा आहे. पट बदला, भांडे बदलले.

१९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दार आपणहून उघडे, उतरले की बंद. माणूस लागत नसे. पण ती पातळी वजनांनी बांधलेली. बदलायची तर माणसाने वजनाला हात घालायला हवा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे वजन म्हणजे एक बारीकसा प्रवाह असतो. १९६९ च्या सुमारास आरसीए कंपनीने सीए ३०८० नावाची चिप आणली. तिच्या एका पायात जेवढा प्रवाह सोडाल, त्या प्रमाणात तिचे वर्धन कमी-जास्त होते. १९७० मध्ये सेड्रा आणि स्मिथ यांनी 'करंट कन्व्हेयर'चे सुधारलेले रूप मांडले. आपल्याकडे दिल्लीच्या प्रा. राज सेनानींनी अशा घटकांवर पुष्कळ काम केले. या सगळ्यांतून जी सर्किटे निघाली, त्यांत पटीचा आकडा प्रवाहाने ठरतो. म्हणून त्यांना 'इलेक्ट्रॉनिकली ट्यूनेबल' म्हणतात. बटण फिरवायला हात लागत नाही. रेघ कागदाबाहेर गेल्याचे यंत्रालाच कळते. ते प्रवाह बदलते, भांडे अरुंद करते, रेघ मधोमध आली की पुन्हा रुंद करते. आजींचे दूध उतू जायच्या आत काम होते.

आजच्या पुष्कळ यंत्रांत गाळण्याचे काम आकडेमोडीने होते, हे खरे. पण आकडे होण्याआधी ती वीज कुठल्या तरी सर्किटातून आत यावीच लागते, आणि पेसमेकरसारख्या यंत्रात, जिथे एक सेल कित्येक वर्षे पुरवायचा असतो, तिथे अशी काटकसरी सर्किटे अजून मोलाची आहेत.

किंमत कोण देतो?

त्या शिबिरात चहा पिताना एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "मास्तर, एवढ्याशा डबीत सारं मावतं कसं?" मी त्यांना खडकवासल्याचा दाखला दिला. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमचं गाव त्या पान्याखाली हाय. म्हंजी पुन्याचं तळं मोठं दिसतं, ते आमच्या जोरावर." माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने या सर्किटाचे मर्म इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते.

कारण मोठेपणा फुकट येत नाही. छोट्या भांड्यामागचा प्रवाह कुठून तरी यावा लागतो, म्हणजे सेल खर्च होतो. सिग्नलबरोबर सर्किटाची स्वतःची खरखरही वाढते. शिवाय तापमान. सीए ३०८० सारख्या चिपचे वर्धन तापमानावर अवलंबून असते. मार्गशीर्षातल्या पहाटेचे दहा अंश आणि वैशाखातल्या दुपारचे चाळीस अंश यांत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. तो सांभाळायला वेगळे सर्किट जोडावे लागते. नाहीतर हिवाळ्यात एक रेघ आणि उन्हाळ्यात दुसरी.

आणि सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे हे भांडे संथ करते, पण साठवत नाही. ३२ पिकोफॅरडमध्ये वीज साठते ती तेवढीच. पंख्याच्या वाटीत ही चिप बसवली तर पंखा फिरणार नाही. तिथे खरा कंडेन्सरच हवा. मागचा पुरवठा तुटला की पट गेली, आणि उरले ते मूळचे चिमुकले भांडे. मागच्याचे बळ कोसळले तर पुढच्याचे काय होते, हे पुण्याने १२ जुलै १९६१ ला पाहिले आहे. पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही.

म्हणून अशा सर्किटाचे आरेखन करताना मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारत असे, की पट किती ते नंतर सांगा. आधी सांगा, मागे कोण उभे आहे आणि ते किती वेळ उभे राहील. व्होल्टेजची मर्यादा किती, प्रवाह कमाल किती, उन्हात काय होईल. या प्रश्नांची उत्तरे कागदावर आली की मग पटीचा आकडा लिहायचा.

हे सगळे शेवटी एका रेघेसाठी. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत रात्री कुणाची छाती दुखू लागते. पुणे तिथून पन्नास-साठ किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा. आज ती रेघ फोनवरून क्षणात पुण्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवता येते. पण तो सपाट तुकडा उचललेला दिसतो तो हृदयामुळे की गाळणीमुळे, हे कळले नाही तर पोहोचूनही उपयोग नाही. गाडी काढायची की सकाळपर्यंत थांबायचे, हे घरच्यांना त्याच रेघेवरून ठरवायचे असते.