पुनरारंभ-आक्रमण आणि शून्यज्ञान सिद्धता

राज्य परिवहन महामंडळाने २०१९ मध्ये प्रवाशांसाठी स्मार्ट कार्डाची योजना सुरू केली. बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या एस. टी.त एखादा प्रवासी वाहकाच्या यंत्राजवळ कार्ड धरतो, असे समजू. स्पर्शाविना चालणाऱ्या कार्डात सामान्यतः विद्युत्घट नसतो. त्यास शक्ती मिळते ती समोरच्या यंत्राकडूनच. यंत्र दूर झाले की कार्ड विझते व पुन्हा जवळ येताच आरंभापासून जागे होते.

आता या कार्डाने शून्यज्ञान सिद्धतेने ओळख पटवावयाची आहे, अशी कल्पना करू. (प्रत्यक्ष कार्डे ही पद्धती अनुसरतात, असे सुचवावयाचे नाही.) गोल्डवासर, मिकाली व रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या सिद्धतेत विधान खरे आहे एवढेच पडताळणाऱ्यास पटते, अधिक काहीही कळत नाही.

कार्डाचे गुपित १० आहे. त्याच्या वर्गास ७७ ने भागून उरणारी बाकी २३ ही जाहीर आहे. व्यवहारात ७७ च्या जागी शेकडो अंकांची, अवयव अज्ञात असलेली संख्या असते. कार्ड यदृच्छया ६ निवडून ३६ कळविते. यंत्र एकच प्रश्न विचारते: ३६ चे वर्गमूळ काय, किंवा ३६ व २३ यांच्या गुणाकाराचे काय? उत्तर अनुक्रमे ६ वा ६०. कोणत्याही एका उत्तरावरून गुपिताचा माग लागत नाही. परंतु लबाड यंत्र ६ हे उत्तर घेऊन शक्ती तोडील. जागे झालेल्या कार्डाने पुन्हा ६ च निवडल्यास दुसरा प्रश्न विचारील. ६० ला ६ ने भागले की १० हाती!

पेच खोल आहे तो असा की, कार्डास गुपित खरोखर ठाऊक आहे हे शास्त्रज्ञ सिद्ध करतात तेही याच रीतीने, संभाषण मागे नेऊन व दोन्ही उत्तरे मिळवून. सिद्धतेचे साधन तेच चोराचे हत्यार ठरते.

कॅनेटी, गोल्डराइख, गोल्डवासर व मिकाली यांनी २००० मध्ये मार्ग दाखविला. त्याचा गाभा असा: यंत्राने आपला प्रश्न आधीच जणू मोहोरबंद लखोट्यात घालून द्यावा, आणि कार्डाने आपली संख्या त्या लखोट्यावरून, स्वतःच्या गुप्त किल्लीने गणावी. लखोटा तोच असेल तर प्रश्न व उत्तर तेच; लखोटा बदलला तर संख्याच बदलते.

उलट बाजूने, पडताळणाऱ्याचाच पुनरारंभ करता आला तर? त्यावरील उपाय बराक प्रभृतींनी २००१ मध्ये दिला. त्यात फसविणाऱ्याच्या आज्ञावलीचाच उपयोग केला जातो. दोन्ही बाजूंस एकाच वेळी संरक्षण देणारी रचना यी डेंग, विपुल गोयल व अमित सहाय यांनी २००९ मध्ये सिद्ध केली.