म्हाताऱ्या सशाचा चेहरा

ईस्टर सरला की पुढच्या काही आठवड्यांत अमेरिका-ब्रिटनमधल्या प्राणी-निवाऱ्यांत सशांची भर पडू लागते, कारण सणाला हौसेनं आणलेलं पिल्लू नकोसं व्हायला फार दिवस लागत नाहीत. ओहायोतल्या कोलंबसच्या ससाप्रेमींनी २००२ साली ‘मेक माइन चॉकलेट’ ही मोहीम काढली, ती यासाठीच. मुलांना ससा द्यायचाच तर चॉकलेटचा द्या, असं त्यांचं सांगणं. न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०२४ पासून दुकानात ससे विकायला बंदी आली. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून दुकानदाराला फक्त निवाऱ्यांतले ससे ठेवता येतात. हे कायदे व्हायलाच हवे होते. पण जो ससा सहा-सात वर्षांपूर्वीच विकला गेला आणि आता वाकड्या मानेनं निवाऱ्याच्या मागच्या पिंजऱ्यात बसून आहे, त्याला त्यांचा काय उपयोग? माणसं येतात आणि पिल्लू उचलून नेतात. क्रॉफर्ड मार्केटमधून घरी आलेल्या आपल्याकडच्या सशांनाही म्हातारपण येतंच.

घरात नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. सहाच्या आसपास त्याचं उतारवय सुरू होतं. ‘खास काळजी लागेल’ असं निवाऱ्यातले लोक सांगतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा दात, सांधे किंवा मान यांचं दुखणं असतं.

सशाचे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. जन्मभर बिस्किट-पोळीवर वाढवलेल्या सशाच्या दाढा झिजत नाहीत, त्यांना काटे फुटतात आणि जीभ, गाल सोलून निघतात. मग ठरावीक काळानं भूल देऊन दाढा घासून घ्याव्या लागतात. इथे एक गोष्ट ठाम सांगतो. ससा ओकू शकत नाही, आणि पोट रिकामं राहिलं की त्याचं आतडं मंदावतं. त्यामुळे भूल देण्याआधी त्याला कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं सांगणारा डॉक्टर सशासाठी योग्य नाही, दुसरा शोधा. एरवीही दहा-बारा तास ससा काही खात नसेल तर सकाळची वाट पाहू नका.

सांध्यांचं दुखणं उशिरा कळतं. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पाठ आखडली की तो तिथवर वाकू शकत नाही. लेंड्या केसांना चिकटून राहतात आणि पावसाळ्यात त्यावर माश्या अंडी घालतात. अळ्या झाल्या तर जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकतं. म्हणून म्हाताऱ्या सशाचं बूड रोज पाहायचं, त्यात संकोच नको.

मान वाकडी होण्यामागे बहुधा कानाच्या आतला संसर्ग असतो, नाहीतर एन्सेफॅलिटोझून नावाचा परजीवी. परजीवीवर फेनबेंडाझोल २८ दिवस देतात. कधी कधी औषधानंतरही मान तिरकीच राहते, पण असे ससे वर्षानुवर्षं खातात, पितात, खेळतात. केवळ दिसण्यावरून त्यांना झोपवून टाकण्याची घाई मला अजिबात मान्य नाही.

तरीही खरी अडचण दुखण्याची नाही, ते ओळखण्याची आहे. ससा शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं की मेलाच. २०१२ साली न्यूकॅसलच्या संशोधकांनी यावर जे काम केलं, ते प्रत्येक ससा पाळणाऱ्यानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. कानावर ओळखखूण गोंदताना त्यांनी सशांचे चेहरे टिपले आणि वेदना कुठे उमटते ते शोधलं. पाच जागा हाती लागल्या. डोळे बारीक होतात. गाल बसतात, चेहरा कोनदार दिसू लागतो. नाकपुड्यांचा गोल आकार जाऊन त्या टोकदार होतात. मिशा ताठ होऊन चेहऱ्यापासून दूर राहतात. कान नळीसारखे वळून मागे पाठीशी जातात. प्रत्येक जागेला शून्य ते दोन गुण. लोंबत्या कानांच्या सशात कानांवरून नीट कळत नाही, आणि ही मोजपट्टी जुनाट सांधेदुखीसाठी नव्हे तर ताज्या वेदनेसाठी बनली, हे खरं. पण ससा शांत, भरल्या पोटी असताना त्याचा चेहरा कसा असतो, हे ज्यानं रोज पाहून ठेवलं आहे, त्याच्या नजरेतून बदल सुटत नाही. पिसवांसाठी कुत्र्याला लावतात ते फिप्रोनिल किंवा माणसाचं अमॉक्सिसिलिन घरच्या घरी देण्यापेक्षा ही नजर कितीतरी जास्त उपयोगी. ही दोन्ही औषधं सशाच्या जिवावर बेतू शकतात.

आपल्याकडे चाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. बाजारात लसूणघास सहज मिळतो, म्हणून तोच रोज घातला जातो. वाढत्या पिल्लाला तो चालतो. वयस्क सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. सशाच्या शरीरातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे जातं आणि उतारवयात मूत्राशयात गाळासारखं साचतं. त्याला सुकं गवत हवं, भरपूर आणि सतत. सोबत हरळी, कोथिंबीर, पुदिना. गाजर क्वचित. जाळीच्या तळाचा पिंजरा नको, कारण सशाच्या पावलांना गादी नसते आणि टाचांना जखमा होतात. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेसाठी थंड खोलीची सोय आधीच हवी, कारण तिशीच्या पुढचं तापमानही त्याला झेपत नाही.

निवाऱ्यातून किंवा कुणाच्या घरून असा ससा आणायचा ठरलाच, तर त्याच्या दाढांचे जुने एक्स-रे, दर महिन्याच्या वजनाची नोंद आणि चालू औषधांची मात्रा मागून घ्या. मादी असेल तर गर्भाशय काढलेलं आहे का ते विचारा; न काढलेल्या माद्यांत वय वाढतं तसा तिथला कर्करोग वारंवार आढळतो. आणि त्याचा जोडीदार तिथे असेल, तर दोघांना एकत्रच आणा.