हा घ्या शेक-हँड!

घाटकोपर स्टेशनचा पूल चढताना गुडघा कुरकुरतोय? मग ही फिजिओ-ट्रिक आत्ताच पाठ करा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही वेळा वजन तोलायचं काम चांगल्या पायाकडे जातं. फी शून्य!

माहीत आहे का? देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा आपल्याच सेंट्रल लाइनवर सुरू झाली. साल 1952, पत्ता परळचं केईएम हॉस्पिटल!

दुखऱ्या कंबरेला ‘करंट’ लावतात त्या टेन्स मशीनचा पणजोबा कोण, माहीत आहे का? चक्क मासा! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस गाऊटच्या रुग्णाला विजेचा झटका देणाऱ्या जिवंत माशावर उभं करायचा. किती वेळ? पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. शॉकिंग, पण खरं!

आता वॅक्स बाथ. आखडलेली बोटं बुडवतात ते मेण साधारण 52 ते 54 अंशांचं असतं. एवढ्या गरम पाण्यात हात घातलात तर किंचाळाल. मेण मात्र उष्णता सावकाश सोडतं, म्हणून हा शेक-हँड सोसतो. घरी गॅसवर प्रयोग नको हं!

आरशाने दुखणं थांबतं? डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात हे दाखवलं. कापलेला हात ‘दुखत’ असेल तर दुसरा हात आरशात हलवायचा. मेंदूला दोन्ही हात दिसतात आणि काहींची कळ खरंच ओसरते.

आता पुन्हा घाटकोपर, आणि जरा गंभीर. जानेवारी 2014मध्ये इथल्या फलाट आणि लोकलमधल्या फटीत सापडून एका कॉलेजकन्येचे दोन्ही हात गेले. त्यानंतर फलाटांच्या उंचीचा प्रश्न ऐरणीवर आला. ऑगस्ट 2020मध्ये मुंबईतच तिला दोन नवे हात बसवले गेले.

पण हात बसला की लगेच हलतो का? छे! जोडलेली नस वाढते दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. म्हणजे 40 सेंटिमीटरला सुमारे 400 दिवस! तोवर सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओ रोज बोटं हलवून घेतात. माझ्या मते सर्जरीइतकंच हे मोठं काम आहे, फक्त त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

शेक आणि करंट दुखणं हलकं करतात. ताकद आणतो तो व्यायाम. तेव्हा मंडळी, फिजिओने दिलेला व्यायामाचा कागद ड्रॉवरमधून काढा आणि फ्रिजवर चिकटवा!