प्रोसेसरमधील सुरक्षा-दोष आणि सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे काम

बहुतेक सुरक्षा-दोष सॉफ्टवेअरमध्ये असतात. पॅच बसवला की ते दूर होतात. ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झालेले ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष मात्र प्रोसेसरच्या रचनेतच आहेत. ते समजून घेऊ.

दोष कशामुळे?

मेमरीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसर रिकामा बसत नाही. तो पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवून ठेवतो. यालाच स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्युशन म्हणतात. अंदाज चुकला तर निकाल टाकून दिला जातो, पण कॅशमध्ये आलेली माहिती तिथेच राहते. कॅशमधली माहिती लवकर वाचता येते, बाहेरची उशिरा. वेळेतला हा फरक मोजून हल्लेखोर गुप्त माहिती ओळखतो. मेल्टडाउनमुळे साध्या प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचता येते. हा दोष मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आढळला. स्पेक्टर प्रोसेसरचा अंदाज मुद्दाम चुकवतो. तो इंटेल, एएमडी आणि एआरएम या तिन्हींत आढळला.

काय करावे?

१. कर्नल अद्ययावत ठेवा. लिनक्समधील केपीटीआय ही सोय कर्नल आणि यूजर यांची पेज टेबल्स वेगळी ठेवते. त्यामुळे वारंवार सिस्टिम कॉल करणारी कामे, उदाहरणार्थ डेटाबेस, काहीशी मंदावतात.

२. मायक्रोकोडही अद्ययावत करा, पण आधी एका चाचणी-सर्व्हरवर. इंटेलच्या पहिल्या मायक्रोकोडमुळे काही मशीन अचानक रीबूट होऊ लागली आणि जानेवारी २०१८ मध्येच कंपनीला तो बसवणे थांबवण्यास सांगावे लागले.

३. व्हर्च्युअल मशीन असल्यास होस्ट आणि गेस्ट दोन्ही अद्ययावत करा.

४. खात्री करा. लिनक्समध्ये सीपीयूच्या माहितीत ‘व्हल्नरेबिलिटीज’ ही डिरेक्टरी असते. तिथल्या फाइलमध्ये ‘व्हल्नरेबल’ दिसले, तर काम अपुरे आहे.

वेग की सुरक्षा?

हे उपाय बंद करून वेग परत मिळवता येतो. तसे करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: या मशीनवर परक्याचा कोड चालतो का? विद्यार्थ्यांचा सामायिक सर्व्हर, क्लाउड होस्ट किंवा ब्राउझर असलेला संगणक असेल, तर उत्तर ‘हो’ आहे. तिथे उपाय बंद करू नयेत. पॅचने चिप बदलत नाही, फक्त माहिती बाहेर पडण्याची वाट अडते. म्हणून नवे दोष जाहीर होतील तशी ही तपासणी पुन्हा करावी लागते.