राजाच्या पंगतीतला नट

आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक' पाहून पोट धरून हसला नाही असा नाटकवेडा मराठी माणूस विरळा! त्या नाटकाचे मूळ फ्रान्समधल्या मोलिएरचे. पण आपल्याला इतके हसवणारा हा गृहस्थ स्वतः कसा जगला, याची चौकशी मी कधी केली नव्हती. ती घडली एका रशियन टेलिव्हिजन-नाटकामुळे.

माझी भाची रशियन शिकली आहे. गेल्या पावसाळ्यात तिने ते लावले आणि शेजारी बसून मला अर्थ सांगत गेली. मोलिएरच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली त्या १९७३ साली अनातोली एफ्रोस याने ते मॉस्कोत दिग्दर्शित केले. आधार बुल्गाकोव्हच्या नाटकाचा. त्यात मोलिएरच्याच 'डॉन जुआन'मधले प्रवेश गुंफलेले.

बुल्गाकोव्हच्या नाटकात चौदावा लुई या नटाला आपल्याबरोबर जेवायला बसवतो. केवढा मान! मला मात्र त्या कृपेचीच धास्ती वाटली. आणि झालेही तसेच. 'तार्त्युफ'मध्ये ढोंगी धार्मिकांची खिल्ली उडवली म्हणून सनातनी खवळले, आणि राजाने हात आखडता घेतला. जन्मभर मुजरे केले, तरी चिरडला तो चिरडलाच, ही मोलिएरची तडफड पाहवत नाही. खऱ्या इतिहासात ते नाटक १६६४ पासून पाच वर्षे अडले. १६७३ मध्ये प्रयोगातच त्याची प्रकृती ढासळली, काही तासांनी घरी प्राण गेला. दफन झाले ते रात्री.

बुल्गाकोव्हची गत काय निराळी? त्याचे हे नाटक मॉस्कोत १९३६ साली लागले, 'प्रावदा'ने झोडपले, आणि सात प्रयोगांत उतरले!

पण मला खरा चटका लागला तो पुढेच. यात मोलिएर झाला आहे युरी लुबिमोव्ह, तागान्का थिएटरचा संस्थापक. १९८४ मध्ये तो परदेशी असताना सरकारने त्याचे थिएटर काढून घेतले, नागरिकत्वही काढले. आणि त्याच्या जागी कोणाला बसवले? एफ्रोसला!

"मामा, ज्याने याला मोलिएर केले, त्यालाच?" भाचीने विचारले. मी काय सांगणार?

तागान्कातल्या कित्येक नटांनी एफ्रोसला आपला मानले नाही. जानेवारी १९८७ मध्ये तो वारला. लुबिमोव्ह १९८८ मध्ये मॉस्कोला आला, तेव्हा एफ्रोस जाऊन वर्ष उलटले होते.